कोपऱ्यातला सीपीयू आणि लग्नाच्या सीड्या

केजसारख्या तालुक्याच्या गावात घरोघरी डेस्कटॉप कॉम्प्युटर आला तो एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर कोर्सच्या मागोमाग. तो चालवणारं महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन २००१ साली स्थापन झालं, सरकारी नोकरीसाठी या कोर्सच्या परीक्षेचं प्रमाणपत्र मागितलं जाऊ लागलं आणि पाहता पाहता बीड जिल्ह्यातल्या लहानमोठ्या गावांत क्लासच्या पाट्या लागल्या. मुलगी क्लासला जाते, घरी सरावाला मशीन असावं, म्हणून कुणी कापसाच्या पैशातून, कुणी पतसंस्थेचं कर्ज काढून ‘असेंबल्ड’ सीपीयू घरी आणला. सोबत जाडजूड मॉनिटर, छोटे स्पीकर आणि धुळीसाठी शिवून घेतलेलं कापडी कव्हर. मग स्मार्टफोन आले. ते कव्हर एकदा चढलं ते पुन्हा निघालंच नाही.

अशा सीपीयूला भिंतीवरचा टीव्ही जोडून घरचं थिएटर करता येतं का, असं बरेच जण विचारतात. येतं. पण त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: आपल्याला त्यावर पाहायचं काय आहे?

नुसतं यूट्यूब आणि ओटीटी पाहायचं असेल, तर जुन्या डेस्कटॉपच्या मागे लागण्यात अर्थ नाही. काही हजारांत मिळणारी टीव्ही स्टिक ते काम जास्त चांगलं करते आणि पाच वॅटच्या आतबाहेर वीज घेते. जुना डेस्कटॉप त्याच कामाला साठेक वॅट घेतो. रोज चार तास चालवला तर महिन्याला साधारण सात युनिट. शिवाय बऱ्याच ओटीटी कंपन्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरला, त्यातही लिनक्सवर, पूर्ण दर्जाचं चित्र देतच नाहीत; सुरक्षेचं जे प्रमाणन त्यांना हवं असतं ते स्टिककडे असतं, जुन्या सीपीयूकडे नसतं.

मग हा सीपीयू ठेवायचा कशाला? स्टिकमध्ये नाहीत, नव्या टीव्हीतही नाहीत आणि आजकालच्या लॅपटॉपमध्येही उरल्या नाहीत अशा गोष्टी त्याच्या पोटात आहेत म्हणून. सीडी-डीव्हीडी वाचणारा ड्राइव्ह. मागच्या बाजूचं आवाज आत घेणारं निळं भोक. दोन-तीन हार्ड डिस्क बसतील एवढी जागा. आपल्या भागातल्या घरांमध्ये जो खरा ठेवा पडून आहे तो याच दारांतून बाहेर येऊ शकतो: लग्नाच्या सीड्या, भजनाच्या कॅसेटी, बारशाचं शूटिंग. माझ्या मते जुन्या डेस्कटॉपचं घरचं थिएटर करायचं ते या ठेव्यासाठी. सिनेमे त्याच्या सोबतीने येतील.

सीपीयू कितपत कामाचा आहे हे त्याच्या वयावरून कळतं. व्हिडिओ नेहमी दाबून, लहान करून साठवलेला असतो. तो उलगडायला मशीनला कष्ट पडतात आणि दाबण्याची पद्धत जितकी नवी तितके कष्ट जास्त. व्हीसीडीची एमपेग-१ आणि डीव्हीडीची एमपेग-२ या पद्धती नव्वदच्या दशकातल्या. त्या पेंटियम ४ सुद्धा सहज उलगडतो. २००३ मध्ये आलेली एच.२६४ आज सर्वांत जास्त चालते. साधा कोअर टू ड्युओ ती ओढतो, पण धापा टाकत. इंटेलच्या दुसऱ्या पिढीपासून, म्हणजे २०११ नंतरच्या मशीनमध्ये, चित्राची चिपच हे काम करते आणि प्रोसेसर निवांत राहतो. एच.ईव्ही.सी. ही त्यापुढची पद्धत. ती सहाव्या पिढीपासून झेपते आणि तिचा १०-बिट प्रकार सातव्या पिढीपासून. पिढी ओळखायची सोपी खूण आहे. आय३-२१०० असं लिहिलं असेल तर पहिला आकडा २, म्हणून दुसरी पिढी. आय५-६५०० असेल तर सहावी.

यूट्यूब जुन्या मशीनवर अडखळतं ते याचमुळे. यूट्यूब आपल्याला व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतीचा व्हिडिओ पाठवतं आणि बिचारा प्रोसेसर एकट्याने तो उलगडत बसतो. ‘एच२६४ईफाय’ नावाचं एक छोटं एक्स्टेंशन ब्राउझरमध्ये टाकलं की यूट्यूब जुन्या पद्धतीचा व्हिडिओ देतं. चित्र १०८० च्या वर जात नाही, पण अडखळणं थांबतं. जास्तच हौस असेल तर जीटी १०३० सारखं लहान ग्राफिक्स कार्ड बसवता येतं. ते ३० वॅटचं असतं आणि त्याला वेगळी वीज जोडावी लागत नाही. मात्र लग्नाच्या सीड्यांसाठी त्याची काहीही गरज नाही.

आता कव्हर काढून सीपीयू उघडू. आपल्याकडची काळी माती वाळली की पिठासारखी बारीक होते आणि पंख्यातून आत जाऊन हीटसिंकच्या पात्यांमध्ये थापल्यासारखी बसते. मे महिन्यात खोलीतच चाळीस अंश असताना हा थर मशीनचा जीव घेतो. मऊ ब्रश आणि ब्लोअर घेऊन अंगणात साफ करावं. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, फिरू देऊ नये. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल तर पुसून नवी लावावी. मदरबोर्डवरचे उभे, दंडगोल कपॅसिटर पाहावेत. त्यांचं डोकं सपाट हवं. फुगलं असेल किंवा वरून तपकिरी काही गळलं असेल, तर त्या बोर्डवर पैसे घालू नयेत. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, मात्र घरी उघडू नये. पिन काढल्यावरही त्यात जीवघेणा दाब साठलेला असतो.

बोर्डवर रुपयाच्या आकाराची एक चपटी बॅटरी दिसेल. तिचा नंबर सीआर२०३२. घड्याळाच्या दुकानात सहज मिळते. मशीन पाच-सात वर्षं पडून असेल तर ही मेलेलीच असते आणि तिच्यावर मशीनची तारीख चालते. सुरू केलं की कॉम्प्युटर स्वतःला कुठल्यातरी जुन्या वर्षात समजतो. वेबसाइटच्या सुरक्षेच्या प्रमाणपत्रावरची तारीख त्या वर्षाशी जुळत नाही, ब्राउझर घड्याळ मागे असल्याचं सांगून पान उघडायला नकार देतो आणि माणसाला वाटतं की मशीनच बाद झालं. कितीतरी चांगले सीपीयू या एका बॅटरीपायी भंगारात गेले असतील.

खर्च करायचाच असेल तर एकाच गोष्टीवर करावा: लहानशी एसएसडी. सॉफ्टवेअर तिच्यावर ठेवावं आणि जुनी हार्ड डिस्क नुसती साठवणीला वापरावी. रॅम चार जीबी असली की पुरे.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, म्हणजे आपला सीपीयू तिथे बसत नाही. त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकावी, ती फुकट आहे आणि हलकी आहे. त्यात व्हीएलसी आणि कोडी ही दोन सॉफ्टवेअर घ्यावीत. व्हीएलसीचा उगम पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात आहे; २००१ पासून ते सर्वांसाठी खुलं झालं. कोडी मुळात एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी लिहिलं गेलं होतं आणि आजचं नाव त्याला २०१४ मध्ये मिळालं. कोडी टीव्हीवर मोठ्या अक्षरांत, चित्रांसह आपला संग्रह मांडतं. लांबून, खाटेवर बसून चालवता येईल अशीच त्याची रचना आहे. ‘कोअर’ नावाचं त्याचं ॲप फोनमध्ये घेतलं की फोनच रिमोट होतो. फक्त फोन आणि सीपीयू एकाच राउटरवर हवेत.

टीव्हीला जोडताना एचडीएमआय असेल तर चित्र आणि आवाज एकाच वायरीतून जातात. फक्त निळं व्हीजीए असेल तर चित्र जातं, आवाजाची वायर वेगळी टाकावी लागते. टीव्हीवर कडा कापलेल्या दिसल्या तर दोष सीपीयूचा नाही. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असं काहीतरी असतं, ते लावावं.

इथे विजेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. सीपीयूच्या पत्र्याला उघड्या पायाने हात लावला की झिणझिण्या येतात, हा अनुभव आपल्या भागात जवळपास प्रत्येकाला आहे. लोक त्याला सीपीयूत करंट उतरला म्हणतात आणि चप्पल घालून काम करतात. होतं असं की एसएमपीएसमध्ये विजेतली खरखर गाळण्यासाठी दोन लहान कपॅसिटर असतात आणि ते ती खरखर अर्थिंगच्या वायरीत सोडतात. घराला अर्थिंगच नसेल, किंवा तिसरी पिन नुसती शोभेला असेल, तर ती वीज पत्र्यावर येऊन थांबते. प्रवाह अगदी थोडा असतो, पण एचडीएमआयची वायर चालू टीव्हीत खुपसताना तोच पुरेसा ठरून टीव्हीचं पोर्ट जळू शकतं. म्हणून जोडणी करताना टीव्ही आणि सीपीयू दोन्हींच्या पिना भिंतीतून काढाव्यात. मुख्य म्हणजे अर्थिंग करून घ्यावं. ज्यांच्याकडे अर्थिंगचा खड्डा आहे त्यांनी उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावं, कारण माती कोरडी पडली की अर्थिंग नुसतं नावाला उरतं. स्पीकरमधून येणारी घूंऽऽ सुद्धा बहुतेक वेळा याचमुळे असते. टीव्ही, सीपीयू आणि अँप्लिफायर एकाच बोर्डवरून चालवले तर ती बरीच कमी होते.

लाइट जाण्यावर उपाय म्हणजे ६०० व्हीएचा साधा यूपीएस. तो दहा-पंधरा मिनिटं देतो. तेवढ्यात मशीन नीट बंद करून घ्यायचं.

आता मूळ कामाकडे. गाळप हंगाम आटोपला, कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोडीला गेलेली माणसं गावी परतली की एप्रिल-मे मध्ये केज तालुक्यात लग्नांची दाटी होते. दोन हजारच्या आसपास, आणि पुढेही काही वर्षं, या लग्नांचं शूटिंग टेपवर व्हायचं. खांद्यावर कॅमेरा घेतलेला फोटोग्राफर आणि त्याच्या मागे फोकस धरून उभा पोरगा. टेप मग मिक्सिंगला जायची, सिनेमाची गाणी चढायची, फुलांच्या चौकटीत नवरा-नवरीचे चेहरे फिरायचे आणि महिन्याभराने तीन सीड्या घरी यायच्या. सीडी प्लेयर बिघडल्यापासून त्या कपाटात आहेत. त्या सीड्यांत आज हयात नसलेले आजोबा पंगतीत वाढताना दिसतात, पाडलेला वाडा दिसतो, बुजलेला आड दिसतो. या गावांचं एवढं चालतंबोलतं चित्रण दुसऱ्या कुणीही करून ठेवलेलं नाही.

सीडी हातात घेतल्यावर पहिली गोष्ट, तिच्यावर चिकटवलेलं जोडप्याचं स्टिकर उचकटू नये. सीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी लगेच खाली असतो. स्टिकर ओढलं की चकचकीत पापुद्रा त्याच्यासोबत निघून येतो आणि ते चित्रण कायमचं जातं. खालच्या, चमकत्या बाजूचे ओरखडे त्या मानाने कमी धोक्याचे, कारण तिथे जाड प्लास्टिक आहे. पुसायचं तर मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल फिरवून नाही.

सीडी ड्राइव्हमध्ये घातली की चार-पाच फोल्डर दिसतात. ‘एमपेगएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘एव्हीएसईक्यू०१.डीएटी’ अशी एक मोठी फाइल असते. तेच लग्न. विंडोजवर ती सरळ कॉपी होते आणि व्हीएलसीत चालते. लिनक्सवर मात्र कॉपी करायला गेलं की वाचनाचा दोष असल्याचा संदेश येतो आणि सीडी खराब झाली असं वाटतं. सीडी चांगलीच असते. साध्या सीडीवर माहिती छोट्या कप्प्यांत असते; एका कप्प्यात २०४८ बाइट माहिती आणि बाकीची बरीच जागा चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेली. व्हीसीडी बनवणाऱ्यांनी दुरुस्तीची ती जागाही चित्राला देऊन टाकली आणि प्रत्येक कप्प्यात २३२४ बाइट बसवले. त्यामुळेच तेवढ्याशा सीडीत तास-सव्वा तासाचं चित्रण मावलं. लिनक्स साध्या कप्प्याच्या हिशोबाने वाचायला जातं आणि अडतं. त्यासाठी ‘व्हीसीडीइमेजर’ हे पॅकेज टाकावं आणि त्यातली ‘व्हीसीडीएक्सरिप’ ही आज्ञा चालवावी. सगळी सीडी बिनतक्रार उतरते. दुरुस्तीची जागा नसल्याचा परिणाम असा की जिथे ओरखडा आहे तिथे चित्रात क्षणभर चौकोनी ठिगळं उमटतात. ती राहू द्यावीत.

सीडी एका ड्राइव्हमध्ये वाचली गेली नाही तर दुसऱ्या सीपीयूच्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. दोन ड्राइव्हची नजर सारखी नसते. एकाने नाकारलेली सीडी दुसरा वाचून दाखवतो. डीव्हीडी असेल तर ‘व्हिडिओ_टीएस’ हे अख्खं फोल्डर उचलून घ्यावं, कोडी ते तसंच्या तसं चालवतं. ओरखडे पडलेल्या डीव्हीडीसाठी ‘डीडीरेस्क्यू’ आहे. ते आधी सोपा भाग उतरवतं आणि मग अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा जाऊन प्रयत्न करतं. रात्रभर लावून ठेवावं. जागेची चिंता नको: तीन व्हीसीडी मिळून दोन जीबी होतात आणि जुन्या ५०० जीबीच्या डिस्कवर शंभरेक डीव्हीडी मावतात.

मोठ्या पडद्यावर हे चित्र कसं दिसेल याची कल्पना आधीच असावी. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, टीव्ही १९२० बाय १०८० चा. एका ठिपक्याच्या जागी टीव्हीला पंधरा-वीस ठिपके भरावे लागतात, म्हणून चित्र मऊ दिसतं. दोन पावलं मागे बसावं आणि पडदा भरण्यासाठी चित्र आडवं ताणू नये. माणसं आखूड आणि रुंद होतात. डीव्हीडीच्या चित्रणात कुणी झपकन हललं की कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात. जुना कॅमेरा एका चित्राच्या विषम आणि सम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपायचा, त्याची ती खूण. व्हीएलसीत ‘डीइंटरलेस’ चालू करून ‘याडिफ’ हा प्रकार निवडला की रेषा विरघळतात आणि वरात एकदम जिवंत वाटू लागते.

कॅसेटींचं काम याहून सोपं आहे आणि याहून तातडीचं. ओट्यावरचा हरिपाठ, सप्ताहातलं कीर्तन, आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या हे टेपरेकॉर्डर समोर ठेवून भरून घेण्याची आपल्याकडे रीत होती. चालू स्थितीतला टेप शोधावा आणि त्याचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसावं. हेडफोनच्या भोकातून सीपीयूच्या मागच्या निळ्या भोकात वायर टाकावी. गुलाबी भोक माइकचं आहे, तिथे टाकली तर आवाज फाटतो. ‘ऑडॅसिटी’ हे फुकट सॉफ्टवेअर उघडून रेकॉर्डिंग सुरू करावं आणि टेपचा आवाज निम्म्यावर ठेवावा. तासाभराच्या कॅसेटची मूळ फाइल सुमारे ६३५ एमबीची होते. ती तशीच ठेवावी आणि ऐकायला वेगळी एमपी३ करावी. खरखर काढून टाकायचा मोह होतो, पण मूळ फाइलीला हात लावू नये. खरखरीसोबत टाळांची किनारही जाते.

घरात जुना ४.१ किंवा ५.१ स्पीकरचा संच पडून असेल तर तोही बाहेर काढावा. हिरव्या भोकात पुढचे स्पीकर, काळ्यात मागचे, नारिंगीत मधला आणि बेसचा. दोनच स्पीकर असतील तर सिनेमातली गाणी कानठळ्या बसवतात आणि संवाद ऐकू येत नाहीत, कारण संवाद मधल्या स्पीकरच्या वाट्याचे असतात. कोडीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये मधल्या चॅनलचा आवाज वाढवण्याची सोय आहे.

सिनेमांचा संग्रह करताना चोरीच्या साइटकडे वळायची गरज नाही. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला ‘संत तुकाराम’ आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा आचार्य अत्र्यांचा १९५३ चा ‘श्यामची आई’ हे सगळे त्या मुदतीच्या पलीकडे गेले आहेत. इंटरनेट बंद असलं, फोनचा डेटा संपला, तरी ते डिस्कवरून चालतात. गल्लीतल्या मुलांना एका संध्याकाळी अंगणात ‘श्यामची आई’ दाखवायला याहून जास्त काही लागत नाही.

लग्नाची सीडी पहिल्यांदा टीव्हीवर लावाल तेव्हा घरातल्या, भावकीतल्या म्हाताऱ्या माणसांना आवर्जून बोलवा आणि शेजारी वही घेऊन बसा. आहेर करणाऱ्यांची रांग सुरू झाली की ‘पॉज’ दाबून एकेक चेहरा विचारा. कोण, कुठल्या गावचा, कुणाचा कोण. फाइलचं नाव ‘एव्हीएसईक्यू०१’ ठेवू नका. वर्ष, गाव आणि दोन्ही घरांची आडनावं असं ठेवा, आणि त्याच नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत विचारून लिहून घेतलेली नावं मिनिट-सेकंदांसह टाका. मग ते सगळं दुसऱ्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क त्याच कपाटात न ठेवता दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीकडे किंवा भावाकडे द्या. मूळ सीड्या उन्हापासून लांब, उभ्या, त्यांच्या त्यांच्या डब्यांत राहू द्या.